पप्पांचा आवाज बघायला आलेली माणसं

“पोरीचाच आवाज गेलाय जणू. बापालाच बोलाय लागतंय सगळं.”

आमच्या मागच्या बाकावरची बाई शेजारणीला हळूच सांगत होती, पण दवाखान्यातलं ‘हळूच’ सगळ्यांना ऐकू येतं. शेजारीण म्हणाली, “अगं बाई. आन् आता लगीन कसं व्हायचं हिचं?”

मी मागे वळले नाही. मिरजेतला कान-नाक-घशाचा दवाखाना होता आणि फाईल माझ्या मांडीवर होती, तेव्हा त्यांचा तसा समज होणं साहजिक होतं. खरा पेशंट समोर खिडकीपाशी उभा होता. पप्पा तिथल्या मुलीला नाव, वय, पत्ता सांगत होते आणि ती प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत होती. फरशीवरून भरलेलं पोतं ओढत न्यावं तसा त्यांचा आवाज येत होता, मध्येच तुटत होता, आणि तुटला की ते थांबून, मान खाली घालून पुन्हा सुरू करत होते. आईनं मला कोपरानं ढोसलं, म्हणजे सांग की त्या बायकांना. मी नुसतीच हसले. अनोळखी माणसाची चूक दुरुस्त करण्यापेक्षा ती तशीच राहू देणं मला नेहमीच सोपं वाटत आलंय.

पप्पा सांगलीच्या मार्केट यार्डात एका पेढीवर आहेत. हळदीचे सौदे निघतात तेव्हा दर पुकारायचं काम त्यांचं. शाळेत असताना एकदा डबा द्यायला गेले होते, तेव्हा मी त्यांना पुकारताना बघितलं. फोडलेल्या पोत्यांतून हळद बाहेर सांडलेली, भोवती व्यापाऱ्यांचा घोळका, आणि पोत्यांच्या थप्पीवर उभे असलेले पप्पा. कुणी नुसती भुवई उचलली तरी ते ओळखत आणि दर वर जाई. आवाज असा की पत्र्याच्या शेडच्या पार दुसऱ्या टोकाला आपल्या मालाची वाट बघत उकिडवा बसलेला शेतकरी उठून उभा राहायचा. त्यांच्या पापण्या पिवळ्या झालेल्या होत्या. मला बघून ते पुकारता पुकारताच हसले, आणि दर चुकला नाही.

घरी मात्र ते जवळजवळ बोलायचेच नाहीत. आवाज यार्डात खर्चायचा असतो, असं आई म्हणायची. मला ते फार बरं वाटायचं. आम्ही दोघं संध्याकाळी गॅलरीत बसायचो, मी माझं वाचत, ते त्यांचा चहा पीत, आणि तासभर कुणी काही बोललं नाही तरी कुणाला काही कमी वाटायचं नाही.

आवाज बसायला लागला तेव्हा सगळ्यांनी हळदीच्या धुळीला दोष दिला. मग आलं-गूळ झाला, ज्येष्ठमध झालं, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या. आईनं हळदीचं दूध सुरू केलं. दिवसभर हळद खाणाऱ्या माणसाला रात्री परत हळद, असं पप्पाच म्हणाले, आणि प्यायले. आवाज काही सुटला नाही. शेवटी एका सौद्यात ऐन चढत्या दराला त्यांच्या गळ्यातून दोन आवाज एकदम निघाले, एक जाड आणि एक बारीक, आणि मग काहीच निघालं नाही. कुणीतरी म्हणालं, “कोंबडा झाला रं.” घोळका हसला. तासगावकडचा एक पोरगेला हमाल पुढं झाला आणि त्यानं तो दर संपवला. हे आम्हाला पप्पांनी सांगितलं नाही. पेढीच्या मालकांनी आईला फोन केला, नव्या हळदीची आवक सुरू व्हायच्या आत इलाज करून घ्या म्हणाले. त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण नवी हळद आली की पुकारायला कुणीतरी लागणारच, आणि ते पप्पाच असतील असं ते म्हणाले नाहीत.

डॉक्टर बाई होत्या. त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून पडद्यावर दाखवलं. आवाजाच्या दोन पांढऱ्या पट्ट्या, श्वासाबरोबर उघडतायत, मिटतायत. उजवीच्या कडेला एक तांबूस फोड. द्राक्षाच्या घडात एखादा मणी फुगायचा राहून जातो ना, तेवढाच. पट्ट्या मिटायला बघत आणि तो फोड मध्ये येई. एवढ्याशा वस्तूनं एवढा मोठा आवाज अडवून धरला होता.

“पॉलिप आहे,” त्या म्हणाल्या. फार जोर लावून ओरडलं की होतो. साधाच दिसतोय, तरी काढल्यावर तपासणीला पाठवू. तोंडातून नळी घालून, दुर्बिणीखाली काढायचा, बाहेरून कुठं कापायचं नाही. मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि पुढचं सगळं इंग्रजीतून मला सांगितलं, मी इंग्रजी शाळेतली आहे हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे. ऑपरेशन अर्ध्या तासाचं आहे, खरं काम नंतर. आठवडाभर एक शब्द नाही. खाकरायचंसुद्धा नाही. आणि कुजबुजायचं तर मुळीच नाही, कारण लोकांना वाटतं कुजबुजलं म्हणजे आवाज वाचला, पण त्यानं पट्ट्यांवर उलट ताण येतो. जखम नीट भरली नाही तर तिथं कडक वण राहतो, आणि वण मी काढू शकत नाही. “लक्ष तू ठेवायचं,” त्या म्हणाल्या. “तू शांत मुलगी दिसतेस. तुला जमेल.”

मी मान हलवली. शांत मुलीला नेमकं हेच जमत नाही, हे त्यांना सांगायला हवं होतं.

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. पप्पा बाहेर आले तेव्हा त्यांची जीभ बधिर होती आणि ओठाचा कोपरा सुजला होता. शुद्धीवर येताच त्यांनी आईकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आईनं पटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. सगळ्यांसमोर तिनं त्यांना असा हात लावलेला मी कधी बघितला नव्हता. तिथवर सगळं नीट होतं.

सांगलीत राहिलो तर यार्डातली माणसं रोज येणार, फोन वाजत राहणार, म्हणून आईनं ठरवलं की आठवडा गावी काढायचा. पप्पांचं गाव कोरेगावच्या बाजूला. थोरले काका गाडी घेऊन न्यायला आले. काका पप्पांहून दहा-बारा वर्षांनी मोठे, सैन्यातून सुभेदार होऊन आलेले, आता ऊस बघतात. वडील गेल्यावर पप्पांना त्यांनीच वाढवलं. पप्पा अजून त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नाहीत. साताऱ्यापर्यंत काका एकटेच बोलत होते. मध्येच आरशातून मागे बघून विचारायचे, “काय रं, दुखतंय का?” आणि पप्पांनी मान हलवली की म्हणायचे, “तोंडानं सांग की. गाडी चालवू का तुज्याकडं बघू?”

मी मागच्या सीटवर पप्पांच्या शेजारी बसून मनात एक वाक्य तयार करत होते. काका, डॉक्टरांनी त्यांना पूर्ण आठवडा बोलायला मनाई केली आहे. वाक्य चांगलं होतं. पण ते वर्गात उभं राहून म्हणायचं वाक्य होतं. गावी मी ‘आहे’ म्हटलं तरी चुलत बहिणी हसतात आणि “मॅडम, जरा मराठीत सांगा” म्हणतात, म्हणून तिथं मी नेहमीच कमी बोलत आले. वाक्य तोंडाशी येईपर्यंत टोलनाका आला आणि काका दुसऱ्या विषयावर गेले होते.

आजारी माणसाला बघायला जायचं असतं. हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही, सगळ्यांना माहीत असतं. न गेलेलं लक्षात राहतं, पुढच्या लग्नात बोलून दाखवलं जातं. आम्ही पोचलो त्याच संध्याकाळपासून माणसं यायला लागली. बिस्किटाचे पुडे, केळी, शहाळी. ओसरीवर सतरंजी कायमची अंथरलेली राहिली. चहाचं पातेलं गॅसवरून उतरत नव्हतं, आणि तो चहा बाहेर नेऊन द्यायचं काम माझ्याकडे आलं, त्यामुळे जे झालं ते सगळं मी बघितलं.

माणूस उंबऱ्याशी आला की पप्पा म्हणायचे, “या. बसा.”

आवाज न काढता. नुसत्या श्वासावर. कप समोर गेला की, “घ्या, चहा घ्या.” उठायला लागला की, “येत जावा.” एवढंच. त्यांच्या दृष्टीनं ते गप्पच होते. गप्पा मारणं, पुकारणं, भांडणं हे बोलणं. दारात आलेल्या माणसाला ‘या’ म्हणणं हे काही बोलणं नव्हे, ते दार उघडण्यासारखं आहे. मी त्यांच्या मानेवरच्या शिरा बघत होते. प्रत्येक ‘या’ला त्या ताठ होत होत्या.

सांगलीहून निघताना मी लहान मुलांची असते तसली एक पाटी घेतली होती, लिहायची आणि सरकपट्टीनं पुसायची. पहिल्या दिवशी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ‘पाणी’ असं लिहून दाखवलं, मला बरं वाटलं. मग गावातले एक म्हातारे आले आणि म्हणाले, “काय, शाळा सुरू केली व्हय?” सगळे हसले, पप्पाही हसले. नंतर ती पाटी मला लोडामागे सापडली. मी ती पुसून त्यांच्या शेजारी ठेवली. परत लोडामागे गेली.

रात्री मी आईला सांगितलं की ते दिवसभर कुजबुजतायत. ती भाजी निवडत होती. “मी बघतेय की,” ती म्हणाली. “पण मी काय करू? दीर बसलेले असतात तिथं. मी बाहेर जाऊन बोलू?” मग म्हणाली, “तूच सांग. तुला तर डॉक्टरांनी सगळं सांगितलंय.” मी डॉक्टरांना मेसेज केला, ते पाहुण्यांशी कुजबुजतात, काय करू? उत्तर लगेच आलं. त्यांना थांबवा.

गोष्ट अजून बिघडली ती काकांमुळे, आणि काकांचा त्यात काहीच वाईट हेतू नव्हता. येणाऱ्या प्रत्येकाला ते अभिमानानं सांगत होते की धाकट्याच्या गळ्यातली गाठ काढली, मिरजेला, दुर्बिणीतून, कुठं टाकासुद्धा नाही. लोक त्यातला ‘गाठ’ एवढाच शब्द घेऊन घरी जात. तपासणीचा रिपोर्ट दुसऱ्याच दिवशी फोनवर आला होता, काहीही वाईट नव्हतं, तेही काका सांगत. पण आमच्या लोकांचा अनुभव असा की रिपोर्ट चांगला आहे असं घरचे नेहमीच म्हणतात. गावात पूर्वी एकाची घशाची गाठ काढली होती, त्याचा आवाज परत आलाच नाही, वर्षभरात तोही गेला. त्यामुळे येणारा माणूस पप्पांच्या तब्येतीचं विचारून थांबत नव्हता. त्याला आवाज ऐकायचा होता. आवाज ऐकला की त्याची खात्री होणार होती.

“एक शब्द बोल की गड्या. जिवाला बरं वाटंल.”

“आवं, त्यास्नी बोलाय बंदी हाय,” कुणीतरी म्हणायचं.

“एका शब्दानं काय व्हतंय? आमी काय भाषण कर म्हनतोय?”

पप्पा कुजबुजत म्हणायचे, बरा आहे. लोक एकमेकांकडे बघायचे. बाहेर गेल्यावर फाटकापाशी त्यांचं बोलणं मला ऐकू यायचं, की आवाज न्हाई राह्यला, नुसता वारा येतोय. जत्रेला बैलांच्या शर्यतीत माईकबिगर पुकारायचा, आन् आता बघा. एकीनं तर आईला धरून रडून घेतलं. आई तिला समजावत राहिली की असं काही नाही, तेव्हा ती आणखी रडली.

चौथ्या-पाचव्या दिवशी पप्पा खाकरायला लागले. सकाळी तोंड धुताना, जेवताना, उगाच बसल्या बसल्या. मी त्यांच्याजवळ पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला. माझ्याकडे बघून त्यांनी बोट ओठावर ठेवलं, म्हणजे मी गप्प आहे बरं का. ते खरंच समजत होते की ते गप्प आहेत. मला त्यांच्यासमोर बसून सांगायचं होतं की पप्पा, या-बसा पण बोलणंच आहे, आणि यानं वण धरेल, आणि वण निघत नाही. आमच्या दोघांत आजवर कुणी कुणाला काही सांगितलंच नव्हतं. ते कसं सुरू करतात हे मला माहीत नव्हतं. मी तांब्याचं झाकण सरळ केलं आणि आत गेले.

त्याच दुपारी मालक आले. सांगलीहून एवढ्या लांब, मुद्दाम. द्राक्षांची पेटी घेऊन आले होते. काकांनी त्यांना खुर्ची दिली. पप्पा सतरंजीवरून उठायला लागले आणि म्हणाले, “या, मालक. बसा.” मालकांनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं, म्हणाले, बोलू नका, बोलू नका. मला वाटलं आता सुटलो. इतक्या दिवसांत थेट पप्पांना हे म्हणणारा हा पहिला माणूस होता.

मग त्यांनी नव्या हळदीचं सांगितलं. आवक सुरू झालीय, वाईकडचा माल छान आहे यंदा. घाई काही नाही, तब्येत आधी. तोपर्यंत तो तासगावचा पोरगा बघतोय. बरं पुकारतो तो, असंही म्हणाले, सहज. माणूस खोटं बोलायला नको म्हणून खरं बोलतो तसं.

काका ताठ झाले. गेले काही दिवस फाटकापाशी लोक काय बोलत होते ते त्यांनीही ऐकलं असणार. ज्या भावाला त्यांनी वाढवलं त्याचा नुसता वारा झालाय, ही बातमी आता सांगलीला जाणार होती.

“आवाज एक नंबर झालाय मालक,” ते म्हणाले. “पयल्यापेक्षा मोकळा. ऐकवतोच तुमाला.” आणि पप्पांकडे वळून, सैन्यात बोलायचे त्याच सुरात, “हां. एक पुकारा होऊ दे. एकच. तुजं ते दराचं.”

मालक म्हणाले, “नको, नको, राहू दे,” पण ते खुर्चीत थोडे पुढे सरकले होते. त्यांनाही ऐकायचंच होतं. ओसरीवर गावातले तिघं-चौघं होते, तेही वळून बघायला लागले. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, पदर तोंडाला लावून. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, काकांकडेही नाही, फक्त पप्पांकडे बघत राहिली.

पप्पांनी कप खाली ठेवला. काकांकडे बघितलं, मग मालकांकडे. ते नाही म्हणणार नाहीत हे मला कळलं. काकांना आयुष्यात त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं, आणि आता तर सगळंच पणाला लागलं होतं. ते एकदा खाकरले. पाठ सरळ केली. छाती भरून श्वास घेतला आणि उजवा हात खांद्यापर्यंत वर गेला, पंजा उघडा, यार्डात पहिला दर सुटायच्या आधी जायचा तसा.

माझ्या हातात ट्रे होता. मनात तेच जुनं वाक्य होतं, काका, डॉक्टरांनी त्यांना पूर्ण आठवडा, आणि मला समजत होतं की ते संपेपर्यंत उशीर झालेला असेल. नंतर माझ्या चुलत बहिणीनं सांगितलं की आवाज रस्त्यापर्यंत आला आणि तिला वाटलं माझी आईच ओरडली. मला तो माझा वाटला नाही. मी म्हटलं,

“पप्पा, गप्प बसा.”